पावसाळी गटारांची योजना: नदीच्या तोंडापासून बाजारपेठेकडे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नदीकाठची ‘ब’ वर्ग नगरपरिषद, वस्ती साठ-सत्तर हजारांची. राज्य सरकारच्या नगरोत्थान योजनेतून पावसाळी गटारांसाठी निधी मिळण्याची चिन्हं आहेत. सल्लागाराने सगळ्या प्रभागांत मिळून सतरा किलोमीटर ६०० मिलिमीटर व्यासाचा ह्यूम पाइप (सळई घातलेला काँक्रीटचा पाइप) दाखवलाय. पाणी मात्र तुंबतं ते बाजारपेठेत आणि बसस्थानकासमोर. तुम्ही नगर अभियंता म्हणून नुकतेच रुजू झालात आणि विचारताय, हा अहवाल तसाच पुढे पाठवावा का? नसेल, तर सुरुवात कुठून करावी?

तसाच पाठवू नका. पाणी तुंबतंय दोन जागी आणि पाइप पडतोय गावभर, म्हणजे ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’. सतरा किलोमीटरला एकच व्यास दिसला की समजायचं, इथे पाण्याचा हिशोब झालेलाच नाही. निधी भागिले प्रभाग एवढाच भागाकार झालाय. पाणी खाली येता येता वाढत जातं, तसा पाइपही वाढत गेला पाहिजे. वरच्या गल्लीत लहान पाइप चालेल, पण नदीपाशी पोहोचेपर्यंत कदाचित पाइप सोडून चौकोनी काँक्रीटचा नालाच घ्यावा लागेल.

सुरुवात नदीपासून करा. गावातलं पाणी ज्या ज्या ठिकाणी नदीत किंवा ओढ्यात उतरतं, त्या प्रत्येक तोंडाची तळपातळी घ्या आणि तिच्याशेजारी नदीची पूरपातळी लिहा. महाराष्ट्रात जलसंपदा विभाग निळी आणि लाल पूररेषा आखून देतो: निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमच्या गावाची आखणी झाली असेल तर नकाशा मागवून घ्या. झाली नसेल तर नदीकाठच्या देवळाच्या पायऱ्यांवर, घाटावर, जुन्या वाड्यांच्या भिंतींवर लोक खुणा दाखवतात, त्यांच्या पातळ्या घ्या. हे दोन आकडे शेजारी मांडले की निम्मी योजना तिथेच ठरते. गटाराचं तोंड नेहमीच्या पावसाळी पातळीच्याही खाली असेल, तर वर तुम्ही कितीही मोठा पाइप टाका, नदी चढली की त्यातलं पाणी थांबणार आणि थोड्या वेळाने उलटं फिरणार. सांगली-कोल्हापूरकडे २०१९ च्या पुरात आणि चिपळूणला २२ जुलै २०२१ ला हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. नदी पात्र सोडून अंगावर येण्याआधी पाणी ओढ्या-नाल्यांतून आणि गटारांतून मागच्या बाजूने वस्तीत शिरतं.

अशा तोंडांना फ्लॅप गेट बसवतात, म्हणजे नदीच्या बाजूने दाब आला की आपोआप मिटणारं झाकण. पण गेट मिटलं की गावातलं पाणीही आतच अडकतं, हे कागदावर कुणी लिहीत नाही. गेट मिटलेलं असेल तेवढ्या वेळासाठी पाणी साठवायला जागा हवी, नाही तर पंप हवा. मैदान, बाजाराचं पटांगण, जुनं तळं, जे असेल ते याच टप्प्यावर योजनेत धरा. तळं बुजवून व्यापारी संकुल बांधायचा ठराव तुमच्याकडे पडून असेल, तर त्याची फाईलही याच आठवड्यात वाचून काढा.

मुंबईचं उदाहरण सगळ्यांच्या तोंडी असतं, पण ते नीट वाचलं जात नाही. तिथली जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि त्यातला निम्मा जमिनीत मुरेल, या हिशोबाने बांधलेली. १९८५ च्या पुरानंतर ब्रिमस्टोवॅड या नावाने मुंबईच्या पावसाळी पाण्याचा अभ्यास झाला, १९९३ ला अहवाल आला. त्याने तासाला ५० मिलिमीटर धरा आणि काही मुरेल अशी आशा ठेवू नका, असं सांगितलं. अहवालाचा मोठा भाग कपाटात राहिला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कपाट उघडलं. मग हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया अशी पंपिंग स्टेशनं झाली. त्यातलं ब्रिटानिया दादर-परळकडच्या हिंदमाता चौकासाठी महत्त्वाचं मानलं गेलं होतं, पण ते सुरू झाल्यावरही हिंदमाता तुंबतच राहिला. हा भाग बशीसारखा खोलगट आहे. पंपाची ताकद कितीही असली, तरी पाणी पंपापर्यंत वेळेत पोहोचायला हवं ना! शेवटी प्रमोद महाजन उद्यानात आणि सेंट झेवियर मैदानाखाली साठवण टाक्या बांधाव्या लागल्या. तुमचं बसस्थानक असंच खोलगटात आहे का, हे लेव्हल घेतल्याशिवाय कळणार नाही. असेल, तर तिथला उपाय पाइपाच्या व्यासात शोधू नका.

आता तुमच्या ६०० च्या पाइपाचा हिशोब. हा सल्लागारासमोर बसून कागदावर करा, दहा मिनिटांचं काम आहे. बाजारपेठेकडे १२ हेक्टरचं पाणी येतं असं समजू. सगळीकडे छपरं, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक, म्हणजे वाहून येणारा भाग ०.८. पावसाची तीव्रता तासाला ६० मिलिमीटर. पावसावरून वाहून येणारं पाणी काढायच्या रॅशनल सूत्राने १० गुणिले ०.८ गुणिले ६० गुणिले १२, म्हणजे तासाला ५,७६० घनमीटर, सेकंदाला १,६०० लिटर. आता ६०० चा पाइप, उतार ३०० ला १, म्हणजे ३०० मीटरला एक मीटर. पाइप किती पाणी नेतो ते काढायच्या मॅनिंगच्या सूत्राने तो पूर्ण भरून वाहिला तरी सेकंदाला साधारण ३५० लिटर नेतो. चार पाइप शेजारी शेजारी टाकले तरी भागत नाही. त्याच उताराला १,००० मिलिमीटरचा पाइप सेकंदाला १,४०० लिटरच्या आतच राहतो. १,२०० मिलिमीटरचा मात्र २,२०० लिटरच्या पुढे जातो. व्यास दुप्पट केला की वहनक्षमता दुप्पट होत नाही, सहापटीच्या वर जाते. म्हणून खालच्या टोकाला थोडकाच पण मोठा नाला बांधणं हे गावभर लहान पाइप पुरण्यापेक्षा कामाचं, आणि बऱ्याचदा स्वस्तही.

वरचा ६० चा आकडा मी उदाहरणापुरता घेतलाय. तुमच्या गावाचा आकडा सल्लागाराने पावसाच्या नोंदींवरून काढायला हवा. इथे एक नेहमीची पळवाट असते. तहसीलमधून दिवसाच्या पावसाचे आकडे आणायचे आणि त्यांना २४ ने भागायचं. दिवसाला ७२ मिलिमीटर पडला तर सरासरी तासाला ३ येते, आणि ३ मिलिमीटरला कुठलंही गटार पुरतं! प्रत्यक्षात वळवाचा किंवा परतीचा पाऊस त्यातले ५०-६० मिलिमीटर एका तासात ओतून मोकळा होतो. गाव तुंबतं ते त्या तासात. म्हणून हवामान खात्याच्या जवळच्या स्वयंनोंद पर्जन्यमापकाच्या नोंदी, महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रांच्या नोंदी, जलविज्ञान प्रकल्पाचा डेटा, यांतलं जे मिळेल ते मागा आणि अहवालात तीव्रतेचा आलेख लावायला सांगा. केंद्र सरकारची पर्जन्यजल निस्सारणाची २०१९ ची नियमपुस्तिका आहे, रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ५० आहे. किती वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरायचा ते त्यात शहराच्या आकारानुसार दिलंय. सल्लागाराने कुठला निकष घेतला हे एका ओळीत लिहून सही करून दिलं पाहिजे. त्या ओळीवरून पुढे फार वाद वाचतात.

सर्व्हेबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण सगळा घोळ इथेच होतो. पाणलोट नगरपरिषदेच्या हद्दीवर संपत नाही. वरच्या टेकडीचं, शेताचं, शेजारच्या ग्रामपंचायतीत पडलेल्या प्लॉटिंगचं पाणी तुमच्याच बाजारपेठेत उतरतं. ड्रोन आणि डीजीपीएसने (उपग्रहावरून अचूक मोजणारं यंत्र) आता पातळ्यांचा नकाशा फार महाग पडत नाही, पण तो हद्दीबाहेर पाणलोटाच्या माथ्यापर्यंत घ्यायला सांगा. मग भूमी अभिलेखातून जुना गाव नकाशा काढा आणि तो या नकाशावर ठेवा. पूर्वीचे ओढे त्यात स्पष्ट दिसतात. बाजारपेठेतलं पाणी बहुतेक वेळा अशाच एखाद्या बुजलेल्या ओढ्याच्या जागी साठलेलं असतं. जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नाले-ओढ्यांचं पात्र शासनाचं. त्यावर दुकानं उभी असतील तर नोटीस द्यायचा मार्ग आहे, पण खरं सांगायचं तर दुकानं हटवून ओढा मोकळा होईपर्यंत तुमची बदली झालेली असेल. म्हणून दोन आराखडे ठेवा: ओढा मोकळा झाला तर कसं, आणि शेजारच्या रस्त्याखालून नाला वळवावा लागला तर कसं. मात्र वळवताना काटकोनी वळणं देऊ नका. पुण्यात आंबिल ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री जे झालं, त्यानंतर ओढे अरुंद करायची आणि हवे तसे वळवायची किंमत कुणाला समजावून सांगायला नको.

सगळ्या पातळ्या एकाच पक्क्या बेंचमार्कला, म्हणजे कायमच्या संदर्भ-खुणेला, बांधा. नगरपरिषद इमारतीच्या जोत्यावर खूण करा, लेव्हल कोरून ठेवा. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कंत्राटदारांनी, वेगवेगळ्या ‘गृहीत १००’ वरून (म्हणजे कुठलीतरी जागा १०० मीटरवर आहे असं धरून) घेतलेल्या लेव्हल हेच बऱ्याच नगरपरिषदांमधल्या तुंबण्याचं कारण असतं. एका प्रभागाचं गटार दुसऱ्या प्रभागाच्या गटाराला भेटतं तेव्हा ते वीस सेंटिमीटर खाली निघतं, मग तिथे चेंबर बांधून डोळे मिटून घेतात. सध्याची सगळी चेंबरं उघडून तळपातळी मोजा. चार माणसं, पातळी मोजायचं एक ऑटो लेव्हल यंत्र आणि पहार एवढं पुरतं. उघडताना माणूस आत उतरवू नका. तळ काठीने किंवा स्टाफने (मोजपट्टीच्या दांड्याने) वरूनच मिळतो. पावसाळी गटार म्हणून आत फक्त पावसाचंच पाणी असेल असं नाही, शौचालयांच्या टाक्यांचे जोड त्यात सोडलेले असतात आणि विषारी वायू साठतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने माणसाला अशा जागी उतरवून धोकादायक सफाई करून घेता येत नाही, आणि ती अट सर्व्हे करणाऱ्या एजन्सीच्या करारातही घाला.

हे जोड तुम्हाला पुढेही छळणार आहेत. तुमच्याकडे भुयारी गटार नसेल तर घरांचं सांडपाणी पावसाळी गटारातच येणार, कितीही बंदी घाला. ते नदीत गेलं की प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस येते. आत्ताच नदीच्या तोंडाआधी एक अडवणूक चेंबर ठेवा, म्हणजे कोरड्या दिवसांतलं पाणी पुढे शुद्धीकरणाकडे वळवता येईल आणि पावसात जादा पाणी वरून नदीत जाईल. आज शुद्धीकरण केंद्र नसलं तरी चेंबरची जागा आणि पातळी राखून ठेवायला खर्च येत नाही.

आता सभागृह. मुख्य नाला आणि नदीकडची तोंडं पहिल्या टप्प्यात घेतली की सगळा पैसा दोन-तीन प्रभागांत जातो, आणि बाकीचे नगरसेवक म्हणणार, “आमच्या वॉर्डात काय?” हा प्रश्न चुकीचा नाही, त्यांनाही लोकांना तोंड द्यायचं असतं. मला उपयोगी पडलेला मार्ग असा: पातळ्यांच्या नकाशावर निळ्या बाणांनी पाणी कुठून कुठे जातं ते दाखवा, एवढाच कागद सभेत फिरवा. ज्या प्रभागाचं पाणी बाजारपेठेत येतं, तिथल्या सदस्याला मुख्य नाला आपलाच वाटायला लागतो. शिवाय प्रत्येक प्रभागासाठी जाळ्या, चेंबर दुरुस्ती आणि तुटक्या मोऱ्यांचं छोटं काम स्वनिधीतून पहिल्याच वर्षी धरा. ते वरवरची सोय म्हणून करू नका, गरजेचंच आहे. रस्त्यावरचं पाणी गटारात शिरत नसेल तर खालचा नाला रिकामाच वाहतो.

या जाळ्यांकडे अंदाजपत्रकात सर्वांत कमी लक्ष जातं. जाळी रस्त्याच्या पृष्ठापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली हवी, रस्त्याचा उतार तिच्याकडे हवा, आणि चौकाच्या खालच्या कोपऱ्यात एकाऐवजी दोन-तीन हव्यात, कारण पहिली प्लास्टिकने पाच मिनिटांत बंद होते. शक्य तिथे कर्बच्या (रस्त्याकडेच्या उंच कडेच्या) उभ्या बाजूलाही तोंड ठेवा. सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे रस्त्याचं नवं काम. डांबराचे थर चढतात, जाळ्या खाली जातात नाही तर थेट बुजतात. काँक्रीट रस्ता होतो आणि दुकानांचे उंबरे रस्त्याच्या खाली येतात. रस्त्याच्या प्रत्येक निविदेत ‘जुना थर खरवडून मूळ पातळी राखणे आणि जाळ्या-चेंबर नव्या पातळीला आणणे’ ही बाब स्वतंत्र घाला. बांधकाम विभागाचा रस्ता गावातून जात असेल तर त्यांनाही लेखी कळवा.

पाइप की चौकोनी गटार? लहान गावात शक्य तिथे मी काढता येणाऱ्या स्लॅबचं चौकोनी गटार घेईन. तुमच्याकडे पाण्याच्या जोराने पाइप साफ करणारं जेटिंग मशीन असलं तरी चालक असेलच असं नाही. स्लॅब जेसीबीने उचलता येतो. रस्ता अरुंद आणि वर जड वाहतूक असेल तिथे पाइप, तोही एनपी-३ वर्गाचा, म्हणजे जास्त भार पेलणारा. स्लॅब मात्र हुक ठेवून आणि एका जेसीबीला उचलता येईल एवढ्याच वजनाचा करा. एकदा वरून पेव्हर ब्लॉक लावले की ते गटार पुन्हा कुणी उघडत नाही.

निविदेतल्या दोन गोष्टींवर डोळा ठेवा. पहिली, खोदाईचे वर्ग. आपल्याकडे दोन हात खाली मुरूम, मग कच्चा खडक, मग कठीण खडक, आणि दरातला फरक मोठा. अंदाजपत्रकात खडक कमी दाखवायचा, कंत्राटदाराने त्याच बाबीला चढा दर भरायचा आणि मोजमाप पुस्तिकेत खडक वाढत जायचा, हा जुना खेळ आहे. निविदेआधी दर शंभर-दीडशे मीटरवर चाचणी खड्डे घ्या, फोटो आणि थरांची खोली अंदाजपत्रकाला जोडा. त्याच खड्ड्यांत पाण्याची लाइन, महावितरणची केबल, ऑप्टिकल फायबर कुठे आहे तेही कळतं, आणि ते हलवायचा खर्च आधी धरता येतो. दुसरी, वेळ. कार्यारंभ आदेश ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघेल असं उलटं वेळापत्रक मांडा. फेब्रुवारीत आदेश निघाला तर जूनला बाजारपेठेत उघडी चर असणार, आणि मागच्या वर्षी गुडघाभर असलेलं पाणी या वर्षी कुणाचा तरी जीव घेईल. १५ मेनंतर नवी खोदाई नाही, ही अट करारातच हवी. काम नदीकडून वर करत न्यायचं, म्हणजे पाऊस लवकर आला तरी झालेला तुकडा वाहता राहतो. वरून खाली केलं, तर अर्धवट गटार म्हणजे पाणी साठवायची नवी जागा. रेल्वे ओलांडायची असेल तर तो अर्ज आजच करा, त्यांची परवानगी आणि ठेव रकमेचं काम यात एक हंगाम सहज जातो.

देखरेखीत मी एकाच गोष्टीवर अडून बसायचो: प्रत्येक दोन चेंबरांमध्ये उतार दोरीने न पाहता लेव्हल मशीनने तपासायचा, भराव टाकायच्या आधी. ३०० ला १ म्हणजे तीस मीटरला दहा सेंटिमीटर. डोळ्याला ते सपाटच दिसतं. शेवटच्या बिलाआधी टँकर मागवा. वरच्या चेंबरमध्ये पाणी सोडा आणि खालच्या प्रत्येक चेंबरपाशी एक माणूस उभा करा. पाणी कुठे रेंगाळतं, कुठल्या सांध्यातून झिरपतं, कुठल्या तळाशी सिमेंटचा माल सुकून उंबरा झालाय, सगळं अर्ध्या तासात कळतं. त्रयस्थ तपासणीचा अहवाल असला तरी हे कराच. त्या अहवालांत काँक्रीटची ताकद असते, पाणी वाहतं का हे नसतं.

नालेसफाईचं कंत्राट गाळाच्या ट्रिपांवर देऊ नका. ट्रिपा मोजायला माणूस लागतो आणि त्या माणसाला मोजायला आणखी एक. ठरावीक ठिकाणी तळाची पातळी आधी आणि नंतर घ्या, पैसे मोकळ्या झालेल्या लांबीवर द्या. गाळ काठावर टाकून ठेवला तर पहिल्या वळवाला तो परत आत येतो, म्हणून दोन दिवसांत उचलायची अट घाला. याचा खर्च दरवर्षी वेगळ्या लेखाशीर्षावर राखून ठेवायला लावा. नव्या गटाराचं उद्घाटन होत राहतं आणि जुनं गाळाने भरत राहतं, पुढचे पाठ मागचे सपाट, असं फार ठिकाणी चाललंय.

अहवाल बदलायला सांगितला तर सल्लागार नाराज होईल, निधी हातचा जाईल, अशी भीती तुम्हाला कुणीतरी घातली असणार. तांत्रिक मान्यता मिळेपर्यंत बदल करणं हा तुमचा अधिकारच आहे. मान्यतेनंतर मात्र व्याप्ती बदलायची म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यतेपर्यंत सगळी वारी पुन्हा. त्यामुळे वरच्या १,६०० लिटरसारखाच पण तुमच्या गावाचे आकडे घालून केलेला हिशोब, नदीच्या तोंडांच्या पातळ्या आणि चेंबरांच्या तळपातळ्यांचा तक्ता एवढे तीन कागद जोडून मुख्याधिकाऱ्यांमार्फत लेखी पत्र द्या. आणि अजून एखादा पाऊस शिल्लक असेल तर बसस्थानकाच्या आणि बाजारपेठेच्या भिंतींवर रंगाने सेंटिमीटरच्या पट्ट्या आखा, साधं पर्जन्यमापक नगरपरिषदेच्या गच्चीवर ठेवा आणि पाणी चढायला-उतरायला किती वेळ लागला ते आरोग्य विभागाच्या मुकादमाला वहीत लिहायला सांगा. सल्लागाराचं गणित बरोबर आहे का, हे त्या वहीवरून ताडून पाहता येईल.